छातीवरचं परकं आडनाव

"काका, तिला सांगा ना, जरा लांब हो म्हणावं."

काका म्हणजे मी. ती म्हणजे माझी सख्खी बहीण.

शीळफाट्याजवळ गोदामांच्या रांगेतल्या एका शेडमध्ये आमचं किचन होतं. बाहेर पाटी नव्हती. आतून चार नावांनी जेवण जायचं. मोबाइलवर ऑर्डर करणाऱ्याला वाटायचं, चार वेगळी हॉटेलं. बिर्याणीचं एक, चायनीजचं एक, अंडाकरीच्या डब्यांचं एक. चौथं नाव सणावाराचं. 'सोवळ्यातला घरगुती नैवेद्य.' शेगड्या त्याच. कढया त्याच. हातही तेच.

मी तिथे मुख्य आचारी. ताई भांड्यांवर. मालक माझ्यापेक्षा लहान, शिकलेला, एरवी मला अरे-तुरे करणारा. पण नैवेद्याचं गिऱ्हाईक किचन बघायला येणार असलं की मी त्याचा 'काका' व्हायचो. नेसायला रेशमी सोवळं. खांद्यावर उपरणं. उपरण्यावर छातीशी प्लास्टिकची पट्टी आणि पट्टीवर आडनाव. माझं नाही. ज्या आडनावाच्या हातचं देवाला चालतं, ते.

पहिल्यांदा ती पट्टी त्याने स्वतः टाचली. म्हणाला, "मी असलं काही मानत नाही रे. पण धंदा आहे. तुझ्या आडनावाने पुरणपोळी कोण घेणार?"

तो हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

गौरींच्या आधी वर्तकनगरच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून नैवेद्य बाहेरून घ्यायची वेळ आली होती. त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. बोलायला फार गोड. पट्टी वाचली आणि त्या माझ्या पायाशी वाकायला लागल्या. मी मागे सरकलो. "असू द्या हो," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातचं म्हणजे मला काळजी नाही."

मालकाने त्यांना वाटीतून पुरण दिलं. आजींनी डोळे मिटून चव घेतली. "अगदी माझ्या आईच्या हातचं."

ते पुरण ताईचं होतं. आमच्या कल्याणच्या चाळीत जयंतीला सगळ्यांची पुरणं तीच घाटते. मला तिनेच शिकवलं. मोठ्या ऑर्डरला मी तिलाच शेगडीपाशी उभं करायचो. गिऱ्हाईक यायच्या आत ती परत मोरीवर.

तेवढ्यात ताई धुतलेली परात ठेवायला ओट्यापाशी आली. आजींनी पदर आवरला.

"कुठली ग तू?"

"कल्याणची."

"तसं नव्हे. कोणापैकी?"

ताईने हात पुसले. "आम्ही जयभीमवाले."

आजी पाऊलभर मागे सरकल्या. मग त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "आमचं काही नाही हो. हल्ली कोण बघतं? फक्त देवाच्या ताटाजवळ नको." आणि मग माझ्याकडे वळून ते वाक्य. काका, तिला सांगा ना.

मालक माझ्या तोंडाकडे बघत होता. ताईही.

मी म्हणालो, "बाई, जरा लांब हो."

ताई लांब झाली. परात घेऊनच गेली.

शेअर रिक्षाने घरी निघालो. चाळीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा ताई म्हणाली, "लांब हो म्हणालास, त्याचं काही नाही रे. ते ऐकून कान मेलेत. पण मला बाई कशाला म्हणालास?"

पट्टी खिशातच राहिली होती. पिन मांडीला टोचत होती.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी आजी ताटं न्यायला आल्या. मी माझा रोजचा शर्ट घालून उभा होतो. मालकाने डोळ्यांनी खुणावलं, सोवळं. मी ताईचा हात धरला आणि तिला ओट्यापाशी आणलं.

"आजी, ही माझी सख्खी बहीण. परवा तुम्ही चाखलंत ते पुरण हिचं. आजचंही हिचंच." मग मी माझं आडनाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

सून म्हणाली, "म्हणजे आम्ही परवा खाल्लं, ते...?"

"तेच. तुम्हाला आईची आठवण झाली होती."

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पण आज माझ्या गौरी जेवायच्या आहेत. आता मी काय करू?"

मला क्षणभर वाईट वाटलं. मग दिसलं, त्यांनी अजून एकदाही ताईकडे बघितलेलं नाही. ताई तिथे नव्हतीच जणू. वाईट वाटायचं थांबलं.

त्या ताटं न घेताच गेल्या. मालक दातओठ खात म्हणाला, "अक्कल गहाण टाकलीस का रे? दोघंही उद्यापासून दिसू नका." मी पट्टी ओट्यावर ठेवली. आम्ही चपला घालतोय तोवर तीच ताटं डोंबिवलीच्या दुसऱ्या घरासाठी गाडीत चढली. बिर्याणीवरच्या पोराला त्याने हाक मारली आणि पट्टी त्याच्या छातीवर टाचली.

त्या आजींची माफी मी मागणार नाही. फसवलं म्हणून मला कोणी गुन्हेगार म्हटलं तर म्हणो. माझा गुन्हा वेगळा आहे आणि तो जिच्याबाबत घडला, ती माझ्या घरात आहे. तिने मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मी त्या ओट्यापाशी घालवला.

आता आम्ही घरूनच ऑर्डरी घेतो. फोन आला की आधी आडनाव सांगतो, मग भाव. पुष्कळदा पलीकडून नुसतं "बरं, कळवतो" येतं. कळवत कोणीच नाही. चालेल. ज्याला आमचं पुरण हवं, त्याने आमचं नावही घरात न्यायचं. जमत नसेल तर देवाला उपाशी ठेवा.

ताई माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटते. ती आता लांब होणार नाही.