मुहूर्त नसलेल्या दिवसांचा अंकुश

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीत दुपारच्या पाळीवर होतो. मशिनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, तर त्याचे वडील, आप्पा, एवढंच म्हणाले, "आरं, आपला अंकुश गेला." मी विचारलं, "कुठं?" आता चाळिशीतला धडधाकट माणूस गेला म्हटल्यावर दुसरं काय विचारणार! मेंदूत रक्तस्राव झाला होता. सकाळी झेंडू तोडून टेम्पोत भरला, चहा मागितला, आणि चहा उकळायच्या आत सगळं आटोपलं...

अंकुश भांडगावचा, फुलशेतीवाला. मी तळेगाव ढमढेऱ्याचा. आमची गाठ घातली ती रिमोटच्या गाड्यांनी. हातभर लांबीची, बॅटरीवर सुसाट पळणारी गाडी. लोक म्हणायचे, पोरं मोठी झाली आन् बाप खेळण्यात रमलं. म्हणू देत, त्यांच्या बापाचं काय जातं? तळेगावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयात कार्पेट अंथरून, कडेला पाण्याच्या पाइपचे तुकडे लावून आम्ही रेस लावायचो. तारीख पंचांग बघूनच ठरायची, फक्त उलटी. लग्नाचा मुहूर्त नसेल तो दिवस आमचा. अंकुश पंचांग चाळायचा आणि खूश होऊन ओरडायचा, "देव पावला! पुढला आख्खा पंधरवडा कोरडा हाय, एक बी लगीन न्हाई!"

बाहेरच्या माणसाला वाटतं, टायर म्हणजे टायर. पण बंद हॉलमध्ये सगळा खेळ तिथंच असतो. कडक रबर घातलं तर गाडी तेल सांडल्यासारखी घसरते. मऊ रबर कार्पेटला धरून राहतं, पण फारच धरलं की गाडी वळणावर सरळ कोलांटी मारते. अंकुशला मात्र मऊच टायर पाहिजेत. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण हा असला हट्टी! प्रत्येक वळणाला ह्याची गाडी उताणी पडणार, चाकं वर करून गरगरणार, आणि हा लांबून मलाच विचारणार, "पकड बघितली का, पकड?" शेवटी टायरच्या बाहेरच्या कडेवरून पातळ गोंदाचा हात फिरवायचा, म्हणजे तेवढी कड कडक होते आणि गाडी उलटत नाही, हे मी त्याला दाखवलं. आठवडाभरानं तेच त्यानं स्वतःचा शोध म्हणून मला समजावून सांगितलं. मीही पहिल्यांदाच कळल्यासारखं ऐकून घेतलं.

त्याचा खरा पराक्रम वेगळाच. आदल्या दिवशीच्या लग्नानं कार्पेटवर धुरळा आणि अक्षता पडल्या होत्या. आम्ही झाडू मारतोय तोवर ह्या पठ्ठ्यानं टेम्पोतला फवारणीचा पंप पाठीला लावला आणि अंगणात सडा घालावा तसं कार्पेट भिजवलं. धुरळा बसंल म्हणे! धुरळा बसला, आणि कार्पेट चिंब. कार्यालयाचे मालक, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, धावत आले. "आरं मुडद्या, उद्या साखरपुडा हाय हितं!" अंकुश उकिडवा बसला, कार्पेटवर तळहात टेकवला आणि गंभीर तोंडानं म्हणाला, "मामा, घाई करू नगा. वाफसा येऊ द्या." पावसानंतर जमीन ना चिखल, ना कोरडी, पेरायजोगी होते, तो वाफसा. तो आता मंगल कार्यालयात आणायचा! दिवसभर पंखे लावून बसलो आणि हसून हसून पोट दुखलं. तेव्हापासून टायरला पकडीचं औषध लावून ते मुरायची वाट बघताना आमच्यात सगळे हाच शब्द वापरतात. पुण्याहून येणारी मंडळीसुद्धा टायर चाचपून विचारतात, "वाफसा आला का?"

तेराव्यानंतर भांडगावला गेलो, तर आप्पांनी काचेचं कपाट करून घेतलेलं. आत अंकुशचा फोटो, शेजारी त्याची गाडी आणि गाडीला हार. आप्पा म्हणाले, "ही आता हितनं हलायची न्हाई."

अंकुशची बायको, रेखावहिनी, दारातच उभ्या होत्या. "आप्पा, गाडी पळायसाठी हाय. पुढच्या रेसला एकदा पळवू द्या भावजींना."

"आन् मोडली म्हंजी? माझ्याजवळ त्याचं दुसरं काय ऱ्हायलंय?"

"मोडली तर मोडू द्या. तिला अशी काचंत बघवत न्हाई मला."

खरं सांगू, मी मनातून आप्पांच्या बाजूचा होतो. त्यानं शेवटची लावलेली गाडी, त्याच्या हातचा एकेक स्क्रू... तिला हात लावायची माझी छाती नव्हती. शेवटी आप्पांनीच हार काढला. रेसच्या दिवशी ते स्वतः आले, जीपमध्ये गाडी आणि तिचा रिमोट मांडीवर घेऊन, सोबत रेखावहिनी.

गाडी सोडली आणि ती उजवीकडं ओढायला लागली. वाटलं, टायरचा दोष. त्याचे टायर काढताना जिवावर आलं, पण काढले, नवे घातले. तरी उजवीकडंच! पुढची चाकं तपासली, स्प्रिंगा तपासल्या, सगळं चोख. मग रिमोटकडं लक्ष गेलं. चाकं सरळ धरायचं त्यावर एक बारीक बटण असतं. ते अंकुशनं पार उजवीकडं फिरवून ठेवलं होतं. कशासाठी, ते कळेना.

रेखावहिनी ते बघून पुढं आल्या.

"दिवाळीपासनं त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या, भावजी. हात आपसूक डावीकडं जायचा. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणायचे, सीझन होऊ दे."

आम्हाला हा गडी एका शब्दानं बोलला नव्हता. रिमोट फिरवणारा हात डावीकडं जातोय, तर गाडी सरळ पळावी म्हणून बटण उजवीकडं फिरवून ठेवलं आणि आमच्याबरोबर हसत पळवत राहिला. एवढा राग आला मला त्याचा! समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या.

मी आप्पांकडं बघितलं. ते बटणाकडंच बघत होते. मग म्हणाले, "कर बाबा सरळ."

बटण मधोमध आणलं आणि गाडी सोडली. ती अशी सरळ गेली, की मला बघवेना.