पास्कलच्या ट्रम्पेटचे तीन वॉल्व्ह

"बटणं दाबली जात नाय रे, मिस्त्री. उद्या चारला वाजवायचाय."

पास्कलने ट्रम्पेट टेबलावर ठेवला. सांताक्रूझच्या गावठाणातला हा जुना बँडवाला. माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान तिथल्या ख्रिश्चनांच्या सिमेट्रीसमोरच, म्हणजे दफनभूमीसमोरच होतं. जानेवारीतली सकाळ. त्याची बायको रोझी जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. तिच्या कबरीपाशी तिचं आवडतं गाणं वाजवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

ट्रम्पेटच्या प्रत्येक बटणाखाली एक पिस्टन असतो. त्याला आम्ही वॉल्व्ह म्हणतो. त्याच्या भोकांतून हवा वळते. मी वरची टोपी फिरवून पहिला ओढून काढला. त्यावर पांढरा, चिकट थर.

"काय घातलंस यात?"

"खोबरेल."

"अरे, वाद्य आहे की टाळकं? थंडीत थिजलं ना ते! तीस वर्षं वाजवतोस, वॉल्व्ह ऑइल माहीत नाय तुला?"

"साफसफाई रोझीच करायची. मी नुसता वाजवायचो."

मी उरलेले दोन वॉल्व्हही काढले.

कोमट साबणाच्या पाण्यात वॉल्व्ह धुतले, पुसले, पातळ ऑइल सोडलं. तो रोझीबद्दल बोलत होता, मी ऐकत होतो. माझ्या घरचे सगळे गावाला. दुकानात माझ्याशी एवढं कोण बोलतंय? बटणं झकास चालली. त्याने फुंकलं. गाल फुगले, आवाज शून्य!

वॉल्व्हवर १, २, ३ नंबर कोरलेले असतात. खोबरेल घालताना त्याने पहिला आणि तिसरा उलटसुलट घातला होता. मीही त्याचं ऐकण्याच्या नादात तसेच बसवले. भोकं जुळली नाहीत की हवा अडते. शिकाऊ माणसाची चूक, आणि केली मी!

वॉल्व्ह आपापल्या जागी बसवले. मग सगळं काम त्याच्याकडून चार वेळा करून घेतलं. मध्ये दोन चहा मागवले. एरवी मी एकच मागवायचो.

"उद्या तू पण ये ना," तो निघताना म्हणाला.

"काम आहे रे खूप."

काम काहीच नव्हतं. त्यांच्या घरच्या माणसांत मी कुठे उभा राहणार?

दुसऱ्या दिवशी चारला दुकानात बसूनच ऐकलं. एकही सूर अडकला नाही. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू.

पुढे कित्येक महिने वाट बघितली. ऑइल संपलं म्हणून येईल, काहीतरी अडकलं म्हणून येईल. तो आला नाही. रविवारी त्याचा ट्रम्पेट तेवढा ऐकू यायचा, एकदम साफ.

गिऱ्हाइकाला इतकं पक्कं शिकवू नये.