मीटर रूममधला बहादूर

बहादूर सगळ्यांना सलाम ठोकायचा. दूधवाल्याला, पोस्टमनला आणि बंद पडलेली स्कूटर ढकलताना घामाघूम झालेल्या मलासुद्धा. मग धक्का द्यायला यायचा, पण आधी सलाम.

शहाण्णव साली तो नेपाळहून आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत पहारेकरी म्हणून आला. त्याचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मी तर सेक्रेटरी, म्हणजे निवडणुकीच्या मीटिंगला गैरहजर राहिलेला माणूस. जिन्याखालच्या मीटर रूममध्ये त्याची खाट, स्टोव्ह आणि एक पत्र्याची पेटी होती. पण बोलणं ऐकावं तर सगळी इमारत त्याचीच. "आपल्या बिल्डिंगला पाणी आलं, साब!" भाडेकरू नवा असला की दम, "आपल्या बिल्डिंगमध्ये जिन्यात थुंकायचं नाय हां!"

स्वाइन फ्लूच्या साली आम्ही सगळे रुमालात कापूर बांधून हिंडत होतो. बहादूरला ताप भरला, खोकून छाती भरून आली. मी धाडसी माणूस, त्याला दहा हात लांबून सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. तो तसाच परत आला.

"साब, पत्ता मागतात. राशन कार्ड नाय तर सोसायटीचं पत्र आण बोलले."

मी चेअरमन निकमकाकांकडे गेलो.

"राहतो असं लिहू नकोस रे बाबा," काका म्हणाले. "उद्या खोलीवर हक्क सांगेल. कामाला आहे, एवढंच लिही."

लिहिण्यात माझा हात कोण धरणार! पेटीतल्या कागदावरून त्याचं नाव उतरवलं, डंबर सिंह, तेरा वर्षांत पहिल्यांदा. 'सदर इसम आमचेकडे पहारेकरी म्हणून कामास आहे.' खाली गोल शिक्का. पत्र इतकं झकास जमलं की मी ते बायकोला वाचून दाखवलं.

दुपारी तो फाटकाला धरून उभा. "साब, राहतो कुठं ते यात नाय, बोलले. बाहेरदेशचा माणूस, घरात वेगळा ठेवणार कोण? गावाला जा बोलले. गोळ्या नाय दिल्या."

पत्र बदलून द्यायला पाच मिनिटं लागली असती. पण तोवर काकांनी मीटर रूमला कुलूप लावलं होतं. "बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत," ते वरून ओरडले. बाहेर काढलेली वळकटी मी काठीने त्याच्याकडे सरकवली.

ती उचलून तो म्हणाला, "साब, सकाळी आपल्या बिल्डिंगचं पाणी कोण सोडणार?" सलाम ठोकला आणि नाशिकरोडला गाडी पकडायला गेला.

पंधरवड्याने त्याचा भाऊ आला. बहादूरला भुसावळला गाडीतून उतरवलं, तेव्हा तो गेलेला होता. मृत्यूच्या दाखल्यासाठी पत्त्याचं पत्र हवं होतं.

"आता लिही की," निकमकाका म्हणाले, "आता काय हरकत आहे?"

मी लिहिलं, डंबर सिंह आमच्या सोसायटीत तेरा वर्षं राहत होते. शिक्का मारला.

भावाने कागद दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला सलाम ठोकला. अगदी तस्साच.