डिस्कला भोक पाडणारा माझा इवाई

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी असा दुसरा माणूस सापडायचा नाही, की ज्याच्या हाती गुपित दिलं तर ते त्याला स्वतःलाही कळत नाही. तो माझा इवाई आहे, म्हणजे माझ्या लेकीचा सासरा. मी चौथी शिकलेला, धान पिकवणारा माणूस. मला गोड बोलता येत नाही. लेकीच्या सासऱ्याला अहो-जाहो करावं लागतं म्हणून तोंडावर करतो. कागदावर करणार नाही.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात उभा जन्म मशिनी दुरुस्त करून हा माणूस रिटायर झाला. बाकीचे रिटायर लोक गुडघ्याला तेल लावत बसतात. यानं एक जुना मालवाहू ऑटो घेतला, एक ड्रिल मशीन घेतली आणि शाळाशाळांतून, संस्थांतून मेलेले कॉम्प्युटर गोळा करत सुटला. शाळांत ते कुलपात पडलेले असतात. चालत नाहीत, पण रजिस्टरात नाव आहे म्हणून हेडमास्तर हात लावायला भितात, दसऱ्याला तेवढं हळदकुंकू लावतात. हा त्यांच्या मागे लागून मंजुरीचे कागद करवून घेतो. कॉम्प्युटरच्या पोटात पानाच्या डब्याएवढा एक चपटा डबा असतो, त्याला डिस्क म्हणतात. पोरांची नावं, जाती, आजार, आईबापांचे पत्ते, सगळं त्यात. हा तो डबा काढतो, फळीवर ठेवतो आणि मालकाच्या डोळ्यांदेखत त्याला तीन भोकं पाडतो. भोकं मालकानं मोठ्यानं मोजायची, मग दोघांच्या सह्या, आणि उरलेला सांगाडा नागपूरकडच्या सरकारी परवान्याच्या कारखान्यात. भंगारवाल्याला वायरचा तुकडा देत नाही, कारण भंगारवाला तांब्यासाठी वायर जाळतो आणि धूर गावाच्या नाकात जातो. एकदा मी विचारलं, "इवाई, मास्तर तर म्हणते सारं डिलीट केलं. मंग भोकं काऊन पाडता?"

"भाऊ, पाटी थुंकीनं पुसली तरी उनात धरली का कालचे पाढे दिसतेत," तो म्हणाला. "डिलीट म्हणजे थुंकी."

ही खोड कॉम्प्युटरच्याही आधीची. पोरासाठी मुली पाहत होता तेव्हा सात-आठ घरचे फोटो आणि बायोडाटा त्याच्याकडे आले होते. आमच्या पोरीशी जमल्यावर बाकीचे कागद दुसऱ्या कोणी पेटीखाली सारले असते. हा एसटीनं घरोघरी ते परत द्यायला गेला. "लेकराचा फोटो आहे, पराया घरी काऊन पडून राहील?" पोरगी जमली नाही हे सांगायला स्वतः दारात येणारा पाहुणा लोकांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. एका बापानं शिव्या घातल्या, दुसऱ्यानं कोंबडं कापलं. हे कानावर आलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "आपली पोरगी बरोबर घरी पडली." तिचं बोलणं बहुतेक खरंच व्हायचं. मी ते तेव्हा कबूल करत नव्हतो, एवढंच.

काम होईस्तोवर हा माणूस समोरच्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत मी त्याच्यासोबत गेलो होतो. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीतून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ खाऊन दोघांचीही तोंडं वाळलेली. हेडमास्तरांनी पोहे मागवले, चहा मागवला, आणि हा हात जोडून उभा. "सर, झाकून ठेवा. ज्याचं खाल्लं त्याले नाई म्हणता येत नाई, आणि मले कधी नाई म्हणावं लागंल ते सांगता येत नाई." मास्तर फुगले. मी पोहे खाल्ले. मी कुठली शपथ घेतली नव्हती. एखादी मशीन चालू करून पाहायची असली तर तो आधी चष्मा काढून खिशात घालतो, पडद्यावरचं चुकून वाचलं जाऊ नये म्हणून. चष्म्याविना त्याला म्हैस आणि मोटार सारखीच. त्या दिवशी वळता वळता कपाटाला धडकला आणि कपाटालाच म्हणाला, "माफ करा मॅडम." पोरं हसून लोळली. पण भोकं पडायला लागली तेव्हा तेच फुगलेले मास्तर प्रार्थनेला उभे राहावं तसे उभे राहून मोजत होते. मला वाटलं, ओरडून सांगावं, हा आमचा इवाई आहे.

माझी बायको वारली त्याला दुसरं वर्ष लागलं. या उन्हाळ्यात चामोर्शीतल्या, लोकांची दारू सोडवणाऱ्या एका लहानशा संस्थेनं आपले जुने तीन कॉम्प्युटर इवायाला दिले. त्या दिवशी चामोर्शीत लाईट गेली होती आणि, नवल म्हणजे, आमच्या गावात होती. म्हणून तो दुपारी ड्रिल चालवायला माझ्या घरी आला. भोकं मोजायला संस्थेची एक ताई सोबत. छपरीतला, म्हणजे ओसरीतला, बायकोचा हार घातलेला फोटो पाहून ताईच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, या मावशी इथल्या?" आणि तिनं जीभ चावली.

मी सोडतो का! खोदून विचारलं. ती एवढंच म्हणाली, "मी ओळखत होती त्यांना, काका." पण मला पुढचं कळलं. मागं एक वर्ष बायको दर बाजाराला चामोर्शीला जायची आणि तासभर उशिरा यायची. मी ओरडायचो, वांगे घ्यायले इतका वेळ? त्याच वर्षी ती रोज संध्याकाळी, नेमकी माझी प्यायची वेळ झाली की, माझ्यासाठी काही ना काही काम काढायची, बांध पाहा, कुंपण बांधा. मला वाटायचं, बाई कामाची हावरी झाली. आणि त्याच वर्षी माझी मोहाची दारू सुटली. मी गावभर सांगत फिरलो की माझ्या हिमतीवर सोडली. छपरीत उभ्या उभ्या समजलं, हिंमत कोणाची होती ते.

"ती बोलली ते या डब्यांत आहे?" मी विचारलं. ताई खाली पाहू लागली.

"इवाई, एक डाव लावून द्या. माझ्याबद्दल काय सांगतलं तेवढंच पायतो."

"नाई."

"माझी बायको होती ती!"

"होती. म्हणूनच नाई."

मग मी लेकीच्या बापानं बोलू नये ते बोललो. "माझ्या घरात बसून मलेच नाई म्हणता? उठा, निघा इथून."

"निघतो," तो म्हणाला. सकाळपासून घोटभर पाणी न प्यालेला, ओठ पांढरे पडलेले. "पण डबे संग नेईन."

तेव्हा मी त्याच्या पायाशी बसलो आणि रडलो. तिला नेलं त्या दिवशीही असा रडलो नव्हतो. तो माझ्याजवळ खाली बसला. "भाऊ, जन्मभर तुमच्यासंग एका चुलीवर राह्यली. तुमाले सांगाचं असतं तर सांगतलं असतं. कोणापाशी बोलावं ते तिनं ठरवलं. आता ती नाई, म्हणून आपून तिच्या मर्जीवर पाय द्यावा का?"

मी बाहीनं तोंड पुसलं.

"फळी धरा," तो म्हणाला.

मी धरली. ड्रिलची थरथर कोपरापर्यंत चढत होती, चकचकीत किस माझ्या पायांवर पडत होता. ताई मोजत होती, पण शेवटच्या डब्याला तिनं माझ्याकडे पाहिलं. तो मी मोजला. एक, दोन, तीन.

तो निघाला तेव्हा मी म्हटलं, "मी बोललो त्याचा राग माझ्या पोरीवर काढू नका. आणि रडलो ते तिले सांगू नका."

"मी कुठी काय पाह्यलं?" तो म्हणाला. "चष्मा खिशात होता."

आता आजूबाजूच्या शाळांचे मास्तर मला विचारतात, तुमच्या इवायावर भरोसा ठेवावा का? मी सांगतो, "मी त्याच्या पायाशी बसून माझ्या बायकोचं बोलणं मागतलं. मले नाई देल्लं. तुमचं कोणाले देईल?" हे सांगताना माझी छाती फुगते, आणि मास्तर कागद करायला घेतात.

घरी एकटा असलो की मात्र डोकं तिकडेच जातं. कधी वाटतं, तिनं तिथं माझी सालटी काढली असतील, आणि मी होतोही तसाच. कधी वाटतं, एखादा शब्द बराही बोलली असेल; नाहीतर बाई दर आठवड्याला माझ्यासाठी कशाला गेली असती? दोन्ही खरं धरून जगून राह्यलो.