हुडकेश्वरच्या बोअरमधील वायूबाबत

अर्जदार : मी, कचेरीच्या फाटकापाशी टेबल मांडून बसणारा अर्जनवीस. गैरअर्जदार : एक सरकारी कार्यालय. काळ : सत्तरच्या दशकातला एक उन्हाळा. स्थळ : हुडकेश्वर, जे तेव्हा खेडेच होते. साक्षीदार : संत्र्याच्या बागेचा मालक, त्याची बायको आणि बोअर खणणाऱ्या मशीनचा मिस्त्री. नावे लिहून कोणाशी वैर घेण्याची माझी इच्छा नाही.

हकीकत अशी. वाळत चाललेल्या झाडांसाठी बागवाल्याने बोअर खणायला घेतले. पाण्याआधी आतून फुसफुस सुरू झाली. मिस्त्र्याने विडीसाठी काडी ओढली, तोच पाइपाच्या तोंडाशी निळी ज्योत उभी राहिली. ती ओल्या पोत्याने विझवून मिस्त्री म्हणाला, सरकारी कागद आल्याशिवाय मशीन चालणार नाही. बागवाला धावत माझ्याकडे आला.

"भाऊ, खाली गॅस हाय म्हणते. खोल जाऊ का थांबू? झाडं मरून राहिली ना!"

अशा विषयात अंदाजाने लिहिणे मला मान्य नाही. आसपासच्या बोअरांत कोणत्या थराला काय लागले, हे विचारत मी सायकलीवर हिंडलो. अडचण अशी की, बोअर कोरडे गेले हे आमच्याकडे कोणी कबूल करत नाही, आणि पाणी भरपूर लागले हेही सांगत नाही, कारण लगेच शेजारी पाइप घेऊन येतो. सर्वांचे उत्तर एकच : "हाय थोडंसं." मी नकाशावर सर्वत्र 'थोडंसं' अशी नोंद केली. दगड मात्र लोकांनी खरा सांगितला : वर मुरूम, खाली काळा पाषाण. पुढे एकीकडे उमरेडचा कोळसा, दुसरीकडे कामठीचा. दोहोंना जोडणारी रेघ मी ओढली. पट्टी किंचित तिरपी धरल्यावर ती थेट बागेतून गेली. कोळसा तिथे वायू, हा माझा निष्कर्ष.

"का हो भाऊ, रेघेतून पानी येईन काय?" बागवाल्याच्या बायकोने विचारले.

मी अर्ज लिहिला. 'गॅस' हा परका शब्द मी टाळतो. शेत व बोअर यांचा उल्लेख विषयाच्या ओळीत होताच; पुढे तो पुन्हा करणे मला पाल्हाळ वाटले. "अर्जदाराच्या खालून सतत वायू सुटतो, दाब मोठा आहे, काडी लावल्यास पेट घेतो, तरी तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी."

शिक्क्यानिशी उत्तर आले : अर्जदाराने उपाशीपोटी दवाखान्यात हजर राहावे, हरभरा वर्ज्य करावा, काडी लावू नये.

मी ते बागेत वाचून दाखवले. बायको तोंडाला पदर लावून खाली बसली. नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यायचं बी तपासूनच घ्या!"

"काहून हासतं वं? झाडं मरून राहिली अन्‌..." बागवाला चिडला.

तिने डोळे पुसले, कागद माझ्या हातातून घेतला आणि मिस्त्र्यापुढे धरला. "सरकारी कागद पायजे होता ना तुले? हा घे, शिक्का हाय. काडी लावू नोको म्हणते. खोल जाऊ नोको, असं कुठी लिवलं हाय?"

मिस्त्र्याने शिक्का निरखला, विड्यांचे बंडल तिच्या हवाली केले आणि मशीन सुरू केले. दुसऱ्या दिवशी पाणी लागले, बुडबुड्यांसकट. बाग वाचली.

तथापि पाणी लागल्याने मूळ प्रश्न निकाली निघत नाही. बुडबुडे आहेत, म्हणजे वायू आहे. सबब विनंती की, माझा निष्कर्ष मान्य आहे की अमान्य, हे संबंधितांनी कारणांसह कळवावे. उत्तर लेखी असावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.