अर्धी पट्टी खाली

कपाट आवरताना मँडोलीनची पेटी उघडली आणि जुन्या तारांचा वास आला. चिंचेनं पितळ घासल्यावर हातांना राहतो ना, तसा काहीसा. एक तार छेडली, बोटं नाकाशी नेली, आणि मी बंगळूरच्या के. आर. पुरममधल्या त्या गच्चीवर जाऊन बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नागपूर सोडून बंगळूरला नोकरीला आले होते, महादेवपुऱ्यात एका खोलीत राहत होते. दिवस कामात जाई. रविवार मात्र खायला उठे. ऑफिसातले एक अण्णा निपाणीचे. दर रविवारी दुपारी त्यांच्या गच्चीवर तीन गिटारी जमत आणि अण्णांची बायको, आम्हा सगळ्यांची अक्का, गात असे. कुठली कुठली लोकगीतं, काही यांनीच रचलेली, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच वाटलं, या लोकांत आपल्याला जागा हवी. नुसतं ऐकायला नव्हे, वाजवायला. अण्णा म्हणाले, "गिटारी झाल्यात की रग्गड. मँडोलीन शीक, मग बस आमच्यात."

घेतलं एक जुनं मँडोलीन. बाप्पा, आठ तारा! आणि सूर मात्र चारच. प्रत्येक सुराला तारांची जोडी. मी मुळातच चौकस, त्यामुळे वाजवायच्या आधी प्रश्न पडला, की एका सुराला दोन तारा कशाला? मग दोन्ही जुळवताना कळलं. जराशा बेसूर असल्या की आवाजात एक थरथर उठते. जुळत आल्या की ती मंदावत जाते, आणि एका क्षणी दोन तारा एकीसारख्या बोलू लागतात. तो क्षण पकडायचा मला नादच लागला. बोटांना घट्टे पडले, घरमालकीण दारातून "स्वल्प हळू" म्हणून गेली, पण मी काही थांबले नाही.

अण्णांनी मला एक कॅसेट भरून दिली होती. सुरुवातीला तारा जुळवण्यासाठी चार सूर, मग गाणी. तीन महिने त्या कॅसेटबरोबर मी एकटीनं वाजवलं. पुरतं बसेपर्यंत कुणाला ऐकवायचं नाही, असा हट्ट होता. कॅसेटवर अण्णांचा आवाज जरा जड वाटे. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

शेवटी तो रविवार आला. पहिलंच गाणं सुरू झालं, मी तार छेडली आणि सगळे थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. माझं मँडोलीन एकीकडे, तिन्ही गिटारी दुसरीकडे. लाजेनं कान तापले. तीन महिने पाण्यात गेले, आता परत तोच रिकामा रविवार. घाईघाईनं खुंट्या पिळू लागले, तर अण्णांनी हात धरला.

"नको ओढू. जुन्या तारा, तुटतील बघ." त्यांनी एकेक जोडी वाजवून पाहिली. "आपसात तर झकास जुळल्यात की! मला सांग, कॅसेटवर माझा आवाज कसा येतो?"

"सर्दी झाल्यासारखा," मी पुटपुटले.

अण्णा पोट धरधरून हसले. "अगं, तुझा टेप हळू फिरतोय! सगळं अर्धी पट्टी खाली शिकलीस."

मला रडू येईलसं झालं. तेवढ्यात अण्णांनी स्वतःच्या गिटारीची खुंटी सैल केली. दुसऱ्यानं केली, तिसऱ्यानंही. तिन्ही गिटारींच्या तारा, एकेक करत, माझ्या तारांपर्यंत खाली आणल्या. आणि अक्का गाऊन पाहत म्हणाली, "सरी, बरोबर जमलं! माझा गळा तर इथंच सुखाचा. इतकी वर्षं ओरडत होते, एकानं विचारलं नाही मला." त्या दिवसापासून गच्चीची पट्टी तीच राहिली.

पुढे जो तो पोटापाण्यामागे पांगला. अक्का आता नाही. आज तारा जुळवायला फोन समोर ठेवला, तर त्यावरच्या ट्यूनरचा काटा दर सुराला हट्टानं सांगत होता, खाली आहे, वर घ्या. खुंटीवर हात ठेवला, आणि तसाच काढून घेतला. अक्काला वरचा सूर झेपत नाही हो. फोन पालथा घातला आणि अक्काच्या पट्टीत वाजवायला बसले.