बक्खालीच्या वाटेवर पाच लिटर

शुक्रवार, बारा डिसेंबर. रक्कम एक लाख चाळीस हजार रुपये. हजर: मी, माझी पत्नी नीला आणि खालच्या मजल्यावरचे घोषबाबू. बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळच्या चहाला ठरलं ते असं: दुसऱ्या दिवशी मी आणि नीलाने मोटारसायकलवरून बक्खालीच्या समुद्रावर जायचं. वाटेत गाडी एकदा जरी बंद पडली, तरी सोमवारी ती वरच्या रकमेला घोषबाबूंना विकून टाकायची.

अट नीलाची होती. तीन वर्षांपूर्वी बँकेने माझी इकडे बदली केली, तेव्हा मी लांबच्या प्रवासाची ही जड गाडी घेतली. नीला तिच्यावर भाजी आणायलासुद्धा बसली नव्हती. "या वयात रस्त्यात कुठे अडकून बसायची माझी तयारी नाही," एवढंच तिचं म्हणणं. आता ती बसणार होती, म्हणून मी अट मान्य केली. घोषबाबू गेलं वर्षभर गाडीवर डोळा ठेवून होते. त्यांनी तर चहाचा कप खाली ठेवून टाळीच दिली.

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. घोषबाबू शाल गुंडाळून गेटवर आले आणि त्यांनी टाकीवरून हात फिरवला.

"सावकाश जा," ते म्हणाले. "ओरखडा नको."

रस्ते धुक्यात होते. रासबिहारीला दुधाच्या गाड्या, पुढे तारातल्याचा पूल, मग बेहाला. तिथे डायमंड हार्बर रोडच्या मधोमध मेट्रोचे खांब ओळीने जातात. नीलाने माझ्या खांद्यावरची पकड जरा सैल केली आणि कानाशी येऊन म्हणाली, "बरं वाटतंय हो."

पुढच्या मिनिटाला गाडीने दोन आचके दिले आणि ती एका खांबापाशी थांबली. घरापासून अंतर साडेनऊ किलोमीटर.

मी किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. एरवी किल्ली फिरवली की टाकीतून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पेट्रोलच्या पंपाचा आवाज. आज काहीच नाही. नीलाने हेल्मेट काढलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "सहा चाळीस." सोमवार आम्हा दोघांना दिसत होताच.

समोर पाड्याच्या (वस्तीच्या) क्लबचं दार उघडं होतं. आत चार वयस्क माणसं एकच वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत होती. ती सगळी बाहेर आली. कुणी न विचारता गाडी ढकलायला हात लावला, कुणी नीलासाठी खुर्ची आणली. "बौदी (वहिनी), आपनि बोशुन," म्हणजे तुम्ही बसा. त्यांच्यात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे मास्टरमोशाय म्हणत. त्यांनी टाकीला कान लावला आणि माझी चौकशी केली. कुठले, काय करता, आणि सकाळी काय खाल्लं.

"फक्त चहा," मी म्हणालो.

"रिकाम्या पोटी सव्वाशे किलोमीटर? अंबल (आम्लपित्त) होईल!" त्यांनी लगेच कोचुरी आणि बटाट्याची रस्साभाजी मागवली. पानांच्या द्रोणातली ती गरम भाजी अजून जिभेवर आहे. नीलाने चार कोचुऱ्या खाल्ल्या. मी पाच.

तोवर क्लबवाल्यांनी शंभूदाला उठवून आणलं. क्लबशेजारीच त्याचं गॅरेज, आणि गॅरेजमागे घर. वय माझ्याएवढं, गळ्याला मफलर, हातात दात घासायचा ब्रश. गुळणी करून तो कामाला लागला. सीट काढली, टाकी उचलली, आतलं पेट्रोल एका डब्यात ओतलं. बघ्यांपैकी एकाच्या हातात विडी होती. शंभूदा त्याच्यावर असा ओरडला की तो माणूस विडीसकट रस्ता ओलांडून पळाला. मग त्याने पंप बाहेर काढून त्याच्या दोन वायरी बॅटरीला लावल्या. पंप ढिम्म.

"मोर गिया (मेला)," शंभूदा म्हणाला. "जळाला."

"तीन वर्षांत?" मी विचारलं. "मग गाडीतच खोट असणार."

ही शंका नीलाच्या देखत काढायला नको होती. ती खुर्ची घेऊन जवळ सरकली.

शंभूदाने पंप उलटापालटा केला, हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. "दादा, आप टंकी में तेल कितना रखता है?"

आता हे सांगायलाच हवं. गाडी घेतल्यापासून मी तिची सरासरी काढत आलो आहे. बरोबर पाच लिटर भरायचे, टाकीचा दिवा लागेपर्यंत चालवायचं, किलोमीटर वहीत लिहायचे आणि पुन्हा पाच लिटर. टाकी पंधरा लिटरची, पण तीन वर्षांत एकदाही भरली नव्हती. काल संध्याकाळी दिवा लागला होता. पण पुढचे पाच लिटर बक्खालीच्या हिशेबात धरायचे, म्हणून ते मी वाटेत पुढे ठाकूरपुकूरच्या पेट्रोलपंपावर भरणार होतो.

खोटं बोलता आलं असतं. पण मग दोष गाडीवर गेला असता. मी खिशातून वही काढून शंभूदाच्या हातात दिली.

त्याने काळ्या बोटांनी पानं उलटली आणि मोठ्याने हसला. पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्याने समजावलं. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी सारखी तळाला नेली की तो उघडा पडतो आणि तापतो. तीन वर्षं टिकला हीच कंपनीची मेहरबानी.

"म्हटलं नव्हतं?" मास्टरमोशाय विजयाने ओरडले. "रिकामं पोट! अंबल!"

सगळा क्लब हसला. नीला हसली नाही. तिने सरळ मला विचारलं, "म्हणजे दोष गाडीचा नाही?"

"नाही."

"तुमचा."

"हो."

"मग सोमवारी काय विकायचं?"

हे तिने हिंदीतही सांगितलं. क्लबवाल्यांनी तेवढ्यात माझी किंमत लावायला सुरुवात केली. सर्वांत मोठी बोली साडेतीनशेची झाली, वहीसकट.

सुट्या भागांचं दुकान दहाला उघडलं. शंभूदाने पंपाची मोटर, जाळी आणि रबराची रिंग आणली. तिन्ही मिळून दोन हजार शंभर रुपये. सगळं बसवून, डब्यातलं पेट्रोल परत ओतून तो बाजूला झाला.

"बौदी, आपनि," तो म्हणाला.

नीलाने किल्ली फिरवली. टाकीतून बारीक गुणगुण आली. तिने तो आवाज तीन वेळा ऐकला, मग गाडी सुरू केली. मी मजुरी विचारली, तर शंभूदाने मान हलवली. "आधी समुद्र बघून या. गाडी परत आली तर मजुरी. आणि टंकी फुल."

जवळच्याच पेट्रोलपंपावर टाकी काठोकाठ भरली. मी मीटर शून्यावर आणताना नीला बघत होती.

जोकाच्या पुढे शहर सुटलं. खजुराच्या झाडांना गळ्याशी मडकी बांधलेली, खाली रस आटवणाऱ्या चुली, आणि रस्त्यावर गुळाचा वास. डायमंड हार्बरला नदी इतकी रुंद झाली की पलीकडचा काठ धूसर. तिथे पारशे माशाचं कालवण आणि भात जेवलो. नामखान्याच्या पुलावर नीलाने गाडी थांबवायला लावली, कारण खाली नदीच्या पाण्यात होड्यांची रांग होती. "ही बंद पडली म्हणून धरू नका," ती म्हणाली. "मी थांबवलीय."

चारच्या सुमाराला समुद्र दिसला. ओहोटी होती आणि ओल्या वाळूवर लाल खेकड्यांचे ताटवे. पाऊल टाकलं की अख्खा ताटवा बिळात गडप. पंचावन्न वर्षांची माझी बायको सूर्य बुडेपर्यंत त्यांच्या मागे धावत होती.

रविवारी सकाळी मासेमारीच्या धक्क्यापर्यंत भटकून परत निघालो. गुळाच्या एका भट्टीवर दोन पाटाली (ढेपा) घेतल्या. तीनला बेहाल्याला पोचलो. शंभूदाने मजुरी चारशे सांगितली. मी पाचशे दिले, त्याने शंभर परत केले. एक पाटाली मात्र क्लबसाठी ठेवून घेतली.

त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. पेट्रोल लागलं नऊ लिटर. मीटरवर दोनशे सत्तर. नीलाने मागे बसल्या बसल्या सांगितलं, "सरासरी तीस. काठापासून काठापर्यंत भरायचं. यात टाकी रिकामी करायची काय गरज होती?"

मी मोटारसायकल पुढे घेतली. तेवीस वर्षं बँकेत आकडे तपासून हे मला सुचलं नव्हतं. तीन वर्षं मी गाडीला उपाशी ठेवलं आणि बायकोला घरी, आणि दोघींचीही काही तक्रार नव्हती, असं वहीत मांडत राहिलो.

गेटवर घोषबाबू उभेच होते. "कुठे बंद पडली?" त्यांनी आशेने विचारलं.

"बेहाल्यात," मी खरं ते सांगितलं.

त्यांचा चेहरा उजळला. नीला खाली उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि दुसरी पाटाली त्यांच्या हातात ठेवली. "गाडी विकायची नाही, दादा. पुढच्या महिन्यात आम्ही पुरुलियाला चाललोय."

अखेर दिलं ते असं: पंपाच्या सामानाचे दोन हजार शंभर आणि मजुरीचे चारशे, शंभूदाला, मी. नऊ लिटर पेट्रोलचे नऊशे एकोणपन्नास, पंपावर, नीलाने, स्वतःच्या पर्समधून. आणि एक किलो खजुराचा गूळ, घोषबाबूंना, एक लाख चाळीस हजारांच्या ऐवजी.